हुमणीसाठी सूत्रकृमी सोडले तर केळीला गाठी होतील का?

काळीमाती, शहादा
उसात हुमणी लागलीय. दुकानदाराने सूत्रकृमीची पावडर सुचवली. बांधापलीकडे केळी आहे, तिच्या मुळांना सूत्रकृमींमुळे आधीच गाठी. तेच किडे पैसे देऊन आणायचे का? आणि एकदा सोडले की आपोआप वाढतात, की दरसाल टाकायचे?

मेणअळी
केळीची काळजी सोडा, भाऊ. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात, मुळांमध्ये खुपसायची अणकुचीदार नळी असते. हुमणीसाठी सोडतात त्या सूत्रकृमीला, हेटरोऱ्हॅब्डायटिसला, ती नाही, त्याला किडाच लागतो.

जमिनीत हिंडते ती त्याची तिसरी अवस्था. तोंड बंद, अंगावर आधीची कात तशीच, काही न खाता आठवडेच्या आठवडे तग धरते. हुमणीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासछिद्रातून आत शिरली की आतड्यात सांभाळलेले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू हुमणीच्या रक्तात ओकते. दोन दिवसांत हुमणी मारतात ते हे जिवाणू. सूत्रकृमी त्यांच्यावर पोसतात. पहिल्या पिढीत नर-मादी एकाच अंगात, पुढे वेगळे. खाणं संपलं की पुन्हा तिसरी अवस्था, आणि साधारण दोन आठवड्यांनी हजारोंनी बाहेर.

मेलेली हुमणी विटकरी लाल आणि बिनवासाची असेल तर काम झालं. काळी पडून घाण मारत असेल तर ती दुसऱ्याच कशाने मेली.

वाढतात, पण ओल आणि हुमणी आहे तोवरच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जमीन भेगाळली की बरेचसे संपतात. भरवसा ठेवू नका, दर पावसाळ्यात टाका.

ठिबकवाला, रावेर
एकरी १०० कोटी, २०० लिटर पाण्यातून, जुलै-ऑगस्टमध्ये. नंतरची जाड अळी सहजी मरत नाही. आधी हलकं पाणी, ऊन उतरल्यावर सोडणं, लगेच पुन्हा पाणी. वर राहिलेले सकाळच्या उन्हात मेलेच समजा. टाकीत तळाला बसतात, ढवळत राहा. नोझलची जाळी काढा. ठिबकने देणार असाल तर सँड फिल्टरच्या पुढून, नाहीतर वाळूतच अडकतील.

घेण्याआधी चिमूटभर पावडर पाण्यात अर्धा तास ठेवून भिंगाखाली बघा. सगळे ताठ, हालचाल नाही, तर परत करा. पत्र्याच्या दुकानात मे महिना काढलेला माल बहुधा असाच निघतो.

काळीमाती, शहादा
लाल हुमण्यांपासून घरी वाढतील?

मेणअळी
थोडेफार. पालथ्या ताटलीवर ओला टिपकागद, त्यावर हुमण्या, ताटली ट्रेमधल्या उथळ पाण्यात, कागदाची कड पाण्याला टेकलेली. बाहेर पडलेले पाण्यात उतरतात. बाटलीत भरून ठेवू नका, तळाचे गुदमरतात.