आवडीचं करिअर फक्त पैसेवाल्यांनाच परवडतं का?

बांधावरचा:
भाचा बारावी झालाय, चित्रं भारी काढतो, त्याला अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या चित्रकलेला जायचंय. दाजींची तीन एकर कोरडवाहू. ते म्हणाले पोलीस भरतीची तयारी कर, चित्रं काय नोकरी लागल्यावरपण काढता येतात. आधी राग आला, मग वाटलं माणूस चुकतोय कुठे? माझ्या पुण्यातल्या साहेबांच्या मुलीने इंजिनिअरिंग सोडून फोटोग्राफी धरली तर घरचे म्हणतात ती स्वतःला शोधतेय, आमच्याकडे हेच पोराने केलं तर वाया गेलं म्हणतील.

लालबागची:
नाही पटलं. 1982 च्या संपात वडिलांची गिरणी गेली, आईने पोळीभाजीचे डबे करून मला नर्सिंगऐवजी माझ्या हट्टाने मराठी घेऊन एमए करू दिलं. आणि आता आमच्या सोसायटीत बघा, दोघं आयटीत, पैसा धो धो, पोरगं मात्र आठवीपासून जेईईच्या क्लासला. त्याला कुठे चॉईस आहे? प्रश्न घरच्यांच्या डोक्याचा आहे, खिशाचा नाही.

बांधावरचा:
ताई तुमचं जमलं म्हणून तुम्ही सांगताय, ज्यांचं नाही जमलं ते इथे लिहायला येत नाहीत. आणि ते जेईईवालं पोरगं नापास झालं तरी बाप मॅनेजमेंट कोट्यातून घेईल की.

चहाबिस्किट:
दोघांचंही अर्धवट आहे. सदाशिव पेठेत या, कॉट बेसिसवर (खोलीत एका खाटेचं भाडं भरून) सहा-सहा वर्षं एमपीएससी करणारी पोरं दाखवतो, मेस, अभ्यासिका, क्लास, कुणाकुणाच्या बापाने त्यासाठी जमीन गहाण ठेवलीय आणि जागा निघतात मूठभर. गरीब घर रिस्क घेत नाही कोण म्हणतं? घेतं, पण ज्या रिस्कला गावात मान आहे तीच. चित्रकाराच्या गळ्यात सत्काराचा हार कोण घालतं.

लालबागची:
हे मात्र खरं. पण फी माफी वगैरे आहे ना आता?

चहाबिस्किट:
2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सची फी पूर्ण माफ आहे, आधी अर्धी होती. पण हा भाचा आहे, भाची नाही :) आणि फी माफ झाली तरी खोलीभाडं आणि मेस कुठे माफ होतंय, गावाकडचं पोरगं तिथेच अडकतं.

बांधावरचा:
तेच तर. आर्ट कॉलेजच्या प्रवेशाची सीईटी देऊ दे म्हणून दाजींना परत फोन करतो. पण कॉलेजसाठी मुंबईत राहायचा खर्च कोण करणार म्हणाले तर काय सांगू?

लालबागची:
मामा ना तू? मग विचारतोस काय.