कामाला आणि खेळाला एकच कीबोर्ड: चुंबकी घ्यावा की साधा मेकॅनिकल?

वाकडकर
दिवसभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि रात्री घरी येऊन व्हॅलोरंट नाहीतर काउंटर-स्ट्राइक असले गोळीबाराचे खेळ खेळायचे, असा दिनक्रम असलेले पुण्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या कुणी कीबोर्डाबद्दल विचारलं की मित्रमंडळी अजून "लाल स्विच घे, निळा घे" यातच, म्हणजे कळेखालच्या बटणाच्या जातीतच, अडकलेली दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: आज नवा घेताय तर अ‍ॅनालॉगच घ्या, म्हणजे चुंबकी स्विचचा.

साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या की अक्षर उमटतं. चेरीच्या लाल स्विचमध्ये कळ एकूण ४ मिमी खाली जाते आणि साधारण २ मिमीवर लागते, म्हणजे दाबल्याची नोंद होते. ती जागा कारखान्यातच ठरलेली. चुंबकी स्विचमध्ये दांड्याला चुंबक असतो आणि खाली बोर्डावर चुंबकी क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर. कळ जसजशी खाली जाईल तसं चुंबकी क्षेत्र वाढतं, म्हणून कळ नेमकी किती दाबली आहे हे बोर्डाला सतत कळत असतं. तत्त्व जुनंच आहे. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला आणि हनीवेलने १९६०च्या दशकाच्या शेवटी तो कीबोर्डात आणलाही होता. पण कळ कुठे लागावी हे खेळणाऱ्याच्या हातात देण्याचं काम अलीकडे वूटिंग या डच कंपनीने लोकप्रिय केलं.

खरी गंमत रॅपिड ट्रिगरची. साध्या स्विचला पुन्हा लागण्यासाठी आधी ठराविक उंचीवर परत यावं लागतं. इथे बोट वर निघालं की कळ सुटते आणि खाली वळलं की पुन्हा लागते, मग ती कितीही खोलीवर असो. आडवं पळताना थांबून नेम धरायचा असतो तेव्हा ए (डावीकडे) सोडून डी (उजवीकडे) टिचकावण्यात हा फरक लगेच जाणवतो. कामाला बसताना दुसरं प्रोफाइल, म्हणजे साठवलेल्या सेटिंगचा दुसरा संच, लावायचं, सगळ्या कळा २ मिमीवर. एका बोर्डात दोन बोर्ड. आता तर चार-पाच हजारांतही असे बोर्ड मिळू लागलेत.

नारायणपेठी
साफ असहमत. रॅपिड ट्रिगरचा फायदा मला मान्य आहे, पण तो हालचालीच्या चार कळांपुरता. बाकीच्या सगळ्या कळांवर माणूस दिवसाचे आठ तास बोटं आपटत असतो, तिथे काय मिळालं?

चुंबकी स्विच जवळजवळ सगळे लिनिअर, म्हणजे सरळ खाली जाणारे. मध्ये टप्पा लागणारे टॅक्टाइल फार थोडे, आणि कारण उघड आहे. टप्पा ज्या खोलीवर घडवलाय तिथेच राहणार, कळ लागायची खोली मात्र तुम्ही हलवणार. दोन्ही जुळत नसतील तर तो टप्पा बोटाला चुकीची माहिती देतो. मला लिहिताना "लागली" हे बोटात कळायला हवं. स्क्रीनकडे बघून ते कळण्यात काय अर्थ?

दुसरं, हौसेचं. साध्या हॉट-स्वॅप बोर्डात गेटरॉन, कैल, चेरी, कोणाचाही स्विच चिमट्याने काढून दुसरा बसवता येतो. एखादी कळ दोनदा उमटायला लागली तर तेवढा एक स्विच बदला, किरकोळ खर्चात काम संपलं. चुंबकीत स्विच निघतो खरा, पण चुंबकाची दिशा आणि ताकद त्या बोर्डाच्या सेन्सरशी जुळायला हवी. बोर्डवाला सांगेल तेच स्विच घ्यायचे. आणि धातूच्या पायांचा साधा स्विच त्यात चालतच नाही.

स्वतःच्या हाताने केलेल्या बोर्डाची गोष्टच वेगळी. स्विचचं झाकण उघडायचं, दांडा चिमट्यात धरायचा आणि क्रायटॉक्स २०५ जी ० या वंगणाचा अगदी पातळ हात ब्रशने फक्त बाजूच्या खाचांवर द्यायचा. टॅक्टाइल असेल तर दांड्याच्या पुढच्या दोन पायांना ब्रश लागू द्यायचा नाही, नाहीतर टप्पा बुजतो. स्पेसबारच्या तारेला टोकाशी डायलेक्ट्रिक ग्रीस. पूर्ण बोर्डाला अख्खी रविवार दुपार जाते, पण नंतर स्पेसबार खडखडत नाही, आणि जुन्या वाड्याच्या पातळ भिंतीपलीकडे आवाज जात नाही.

रात्रपाळी
वंगण, तार सगळं चुंबकीतही करता येतं हो. स्पेसबारसारख्या लांब कळा सरळ ठेवणारे तारेचे स्टॅबिलायझर तर तेच असतात. आणि धातूला धातू टेकतच नसल्यामुळे कळ दोनदा उमटण्याचा प्रश्नच मुळातून जातो.

वाकडकरांना मात्र एक सांगायचंय. नव्या लोकांना सरसकट "सगळं चालू करून टाक" म्हणू नका. जुलै २०२४ मध्ये रेझर या कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने स्नॅप टॅप आणलं. ए आणि डी दोन्ही दाबलेल्या असल्या तर शेवटची दाबलेली खरी, पहिली आपोआप सुटते. ऑगस्टमध्ये खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २च्या अधिकृत सर्व्हरवर अशा आपोआप होणाऱ्या क्रियांना मनाई केली. पकडलं की सामन्यातून बाहेर. ही सोय आता बऱ्याच स्वस्त बोर्डांतही असते, म्हणून पेटी उघडल्यावर आधी ती बंद आहे का बघा.

वाकडकर
@रात्रपाळी, बरोबर, आणि ती मनाई मला योग्यच वाटते. तिथे बोटाने सोडायची कळ बोर्ड सोडतो. रॅपिड ट्रिगरमध्ये बोट हललं तरच कळ हलते, कौशल्य तुमचंच. त्यावर ती मनाई नाही.

@नारायणपेठी, स्पर्शाचा मुद्दा आवडीचा आहे, त्यावर भांडणार नाही. पण कामाला चुंबकी बोर्ड कमी पडतो हे पटत नाही. २ मिमीवर ठेवला की तो एक चांगला लिनिअर बोर्डच आहे.

ऑडिटवाला
तुम्ही दोघं स्विचवर भांडताय, माझं भांडण आकाराशी आहे. खेळणाऱ्यांच्या नादाने जो तो साठ टक्क्यांचा बोर्ड घेतोय. आमच्याकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ५ ला पेमेंट, एफ६ ला रिसीट, एफ८ ला सेल्स. वरची रांगच नसलेल्या बोर्डावर प्रत्येक व्हाउचरला एफएन (Fn) कळ दाबून धरायची, शिवाय आकड्यांचा उजवा भाग नाही. मार्चअखेरीला असल्या बोर्डावर नोंदी करून बघा. हिशेबाचं काम असेल त्याने स्विच कोणताही घ्यावा, पण बोर्ड पूर्ण आकाराचा घ्यावा.

शुद्धलेखन
मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, दिवसभर इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीवर टंकते. वाकडकरांचं "प्रोफाइल बदला की झालं" हे ऐकायला सोपं आहे, म्हणून लिहिते.

इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. डाव्या मधल्या बोटाखाली डी, म्हणजे हलन्त. शेजारी एफ, म्हणजे पहिली वेलांटी. 'कर' हा शब्द पूर्ण उजव्या हाताचा आहे, तेव्हा डावा हात नुसता विसावलेला असतो. खेळाचं ०.२ मिमीचं प्रोफाइल चुकून तसंच राहिलं, तर त्या विसावलेल्या बोटाच्या वजनानेच हलन्त उमटतं आणि 'कर'चं 'क्र' होतं. एफ लागली तर 'किर'. इंग्रजीत चुकीचं अक्षर लगेच डोळ्यात भरतं. मराठीत जोडाक्षर सुबक उमटतं आणि पानभर मजकुरात लपून बसतं.

म्हणून माझी मागणी अशी: प्रोफाइल बदलायला बोर्डावरच कळ हवी, आणि कोणतं चालू आहे ते दिव्याच्या रंगाने दिसायला हवं. शिवाय कामाच्या प्रोफाइलमध्ये सगळ्या कळा एकाच खोलीवर नकोत. मी डी, एफ आणि दोन्ही करंगळ्यांखालच्या कळा खोल ठेवते, बाकीच्या वर. हे साध्या मेकॅनिकलमध्ये स्विच बदलल्याशिवाय शक्य नाही. तेवढ्यापुरती मी चुंबकीच्या बाजूची.

रात्रपाळी
@शुद्धलेखन, एक विचारू का? कळ किती खोल दाबली यावरून तिला दोन कामं नेमता येतात. मग हलक्या दाबाला क आणि खोल दाबाला ख असं लावलं तर? शिफ्टच वाचेल.

शुद्धलेखन
ख पर्यंत पोचायला बोट क वरूनच खाली जातं. क आधीच उमटलेला असतो, हातात येतं 'कख'. चालणं-पळणं यासाठी ते ठीक, कारण तिथे एकातून दुसऱ्यात जायचंच असतं. अक्षरांना नाही.

घाटवाट
गाड्यांच्या खेळासाठी म्हणून कुणी हा बोर्ड घेणार असेल तर जरा थांबा. कळ गेमपॅडच्या काडीसारखी चालते हे खरं, अर्धी दाबली की अर्धा अ‍ॅक्सिलरेटर. पण ४ मिमीत पायाने पेडल सांभाळण्याइतकी बारकाई येत नाही, आणि काही खेळ कीबोर्ड आणि गेमपॅड एकाच वेळी घेतले की गोंधळतात. स्वस्तातला गेमपॅड बरा.

नारायणपेठी
@शुद्धलेखन, करंगळीचा मुद्दा चांगला आहे, मानलं. तरी मी टॅक्टाइलच वापरणार, कारण माझ्या हलन्तावर टप्पा आहे आणि तो ओलांडल्याशिवाय सहसा काही उमटत नाही. सॉफ्टवेअरची गरजच नाही.

आणि सॉफ्टवेअरवरून, वाकडकर, तुमच्या हिंजवडीकरांना एक विचारा: कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू देतात का? बहुतेक ठिकाणी नाही. मग २ मिमीचं ते प्रोफाइल लावणार कुठून?

वाकडकर
घरच्या मशीनवर लावायचं. चांगल्या बोर्डात प्रोफाइल बोर्डाच्याच मेमरीत साठतं, ऑफिसात नुसती केबल जोडायची. काहींचं सेटिंग तर ब्राउझरमधूनच होतं. पण ज्याच्या बोर्डाला मेमरी नाही आणि ज्याचा लॅपटॉप कुलूपबंद आहे, त्याने नारायणपेठींचं ऐकावं आणि साधा हॉट-स्वॅप घ्यावा. दुकानात किंमत विचारायच्या आधी हे विचारा.