'सबलीकरण' की 'सक्षमीकरण'? शिवाय 'विचारून' या शब्दाचं काय करायचं?

नौपाडा_अनुवाद
मंडळी, मदत हवी आहे. गावाकडच्या बायकांना छोट्या व्यवसायासाठी शेळ्या, शिलाई मशीन, बीजभांडवल किंवा हिशोबाचं प्रशिक्षण दिलं, तर त्यांच्या आयुष्यात नेमकं काय बदललं हे मोजणारी प्रश्नावली मी मराठीत करते आहे. असे प्रयोग बांगलादेश, युगांडा, ग्वाटेमालासारख्या देशांत झाले. इथे ही प्रश्नावली शहापूर-मुरबाडच्या गावांत वापरायची आहे. 'एम्पॉवरमेंट'साठी मी सगळीकडे 'सबलीकरण' लिहिलं होतं. तपासनिसांनी त्याचं 'सक्षमीकरण' केलं आणि शेवटच्या पानावर कुणीतरी 'सशक्तिकरण' घालून ठेवलं. यातलं बरोबर कुठलं? सोमवारी मजकूर द्यायचा आहे.

कळव्याचा_मास्तर
'सशक्तिकरण' आधी काढा. तो हिंदीतून आलेला ऱ्हस्व आहे, आपल्याकडे 'सशक्तीकरण'. ही दीर्घ ई शोभेची नाही, तिच्यात अर्थ आहे. संस्कृतात तिला च्वि प्रत्यय म्हणतात: जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. ज्या गावात वीज नव्हती तिथेच विद्युतीकरण होतं. म्हणजे 'सबलीकरण' म्हणताक्षणी तुम्ही त्या बाईला आधी अबला ठरवता. पहाटे चारला उठून दोन हंडे डोक्यावर आणणारी बाई अबल कशी? 'सक्षमीकरण'च ठेवा.

नौपाडा_अनुवाद
मास्तर, तोच तर्क लावला तर 'सक्षमीकरण' म्हणजे ती आधी अक्षम होती. ते तर जास्त लागतं. उलट तुमचा च्वि मला आवडला. अर्थतज्ज्ञ नायला कबीर यांनी १९९९ मध्ये एम्पॉवरमेंटची जी व्याख्या मांडली, तिच्यात हेच आहे: ज्यांना आयुष्यातल्या मोठ्या निवडी करणं नाकारलं गेलं होतं, त्यांना ती क्षमता मिळणं. आधी नाकारलेलं असणं ही अटच आहे. मात्र नाकारली गेली ती निवड. तिचं बळ होतंच.

वाशी_सतरा
निवडीवरून आठवलं. आपल्याकडे 'अखत्यार' आहे ना! 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असं आपण रोज म्हणतो. तो अरबी इख्तियार, आणि त्याचा मूळ अर्थ निवड. 'मुखत्यार' त्याच घरातला. आजोबांच्या मुखत्यारपत्रासाठी मी तीनदा खेटे घातले, तेव्हा हे शोधून काढलं होतं. निवड आणि अधिकार एकाच शब्दात आहेत, मग 'करण'वाले शब्द कशाला? 'बाईची मुखत्यारी' म्हणा.

कळव्याचा_मास्तर
कोर्टकचेरीचा शब्द बायकांच्या तोंडी घालू नका. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले होते. आज ठाण्यात कुणी 'मेयर' म्हणतं का? शब्द रुळतात, रुळवावे लागतात.

वाशी_सतरा
काका, रुळवायचे तर मुरबाडच्या बाईला कळणारे रुळवा. 'अखत्यार' आपल्याकडे शतकानुशतकं रुळलेलाच आहे.

मुरबाड_ते_ठाणे
ताई, एक सांगू? मी अशा सर्वेक्षणात दोन वर्षं घरोघर फिरलेय. हा मथळ्यातला शब्द कुठलीच बाई ऐकत नाही, तो अहवालात राहतो. खरी अडचण आतल्या प्रश्नांत आहे. 'निर्णय कोण घेतं?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'आम्ही विचारूनच करतो.' आता 'विचारून' म्हणजे सल्ला घेऊन की परवानगी घेऊन? मराठीत दोन्हीला एकच शब्द. आमच्या फॉर्मवर दोन्ही 'संयुक्त निर्णय' म्हणून नोंदले गेले.

एकीने मशीन घेतलं होतं. 'विचारून घेतलं' म्हणाली. मी म्हटलं, ते नाही म्हणाले असते तर? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'तर कसं घेतलं असतं?' फॉर्मवर तिची खूण 'संयुक्त'समोरच आहे.

नौपाडा_अनुवाद
हे वाचून कामच थांबवलं मी. माझ्याही मसुद्यात सरळ 'विचारून' आहे. आणि यावर मोठा वाद झालेला आहे. गोएट्झ आणि सेनगुप्ता या संशोधकांनी १९९६ मध्ये बांगलादेशातलं दाखवलं की कर्ज बाईच्या नावावर, पण पैशाचा ताबा बऱ्याचदा पुरुषाकडे. कबीर यांनी २००१ मध्ये उलट विचारलं: दोघांनी मिळून ठरवणं बाईला स्वतःला मोलाचं वाटत असेल, तर ते कमी का धरायचं? म्हणजे सगळं त्या एका 'विचारून'वर येऊन थांबतं. मग प्रश्नच दोन करू का? 'सल्ला घेतला का' आणि 'नको म्हणाले असते तरी केलं असतं का'?

मुरबाड_ते_ठाणे
दुसरा एकांतात विचारा. सासू दारात असली की उत्तर बदलतं.

ऐरोलीकर
'व्यवसाय' शब्दावरही बोला. माझी मावशी तीस वर्षं भाजी विकते, पण 'काय व्यवसाय करता?' म्हटलं की 'घरीच असते' सांगते. 'धंदा' म्हणावं तर बाईच्या बाबतीत तो शब्द लोकांनी घाण करून ठेवलाय. 'उद्योग' म्हणावं तर 'नसते उद्योग' आठवतात.

कळव्याचा_मास्तर
'धंदा' चांगला शब्द आहे. लोक घाण करतात म्हणून आपण सोडून द्यायचा का?

ऐरोलीकर
मास्तर, दारात उभं राहून तो शब्द तिला ऐकवायची वेळ तुमच्यावर येत नाही.

मुरबाड_ते_ठाणे
आम्ही शेवटी 'काय काय विकता?' असं विचारायचो. मग अंडी, मोहाची फुलं, करवंदं, गोधड्या सगळं निघायचं.

नौपाडा_अनुवाद
हे घेते. यामुळे हिशोबही बदलतो. श्रीलंकेतल्या एका प्रयोगात छोट्या व्यावसायिकांना दहा किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा नाही. २००८ मध्ये ते छापून आलं आणि बायकांना भांडवल देऊन फायदा नाही असं बोललं गेलं. पुढे भारत आणि घानाची माहितीही जोडून पाहिली, तर पैसा बरेचदा नवऱ्याच्या धंद्यात गेलेला. घरात ती एकटीच व्यवसाय करणारी असेल तर पुरुष-बायकांतला हा फरक दिसेना. म्हणजे आधी फक्त तिची गल्लापेटी मोजली, घर मोजलंच नाही.

दिवाळे_कोळीवाडा
आमच्याकडे उलटं. आई मावऱ्याची पाटी घेऊन बेलापूरच्या बाजारात बसायची. बाबा होडीवर, पण पैसा आईच्या कमरेला. बाबा चहाला पैसे तिच्याकडे मागायचे. तिला कुणी मशीन दिलं नाही की प्रशिक्षण. तरी होडी विकायची ठरली तेव्हा पाड्यातले पुरुष बसले आणि आईला संध्याकाळी कळलं. हे तुमच्या फॉर्मवर कुठे लिहाल, ताई?

नौपाडा_अनुवाद
दादा, दोन वेगळ्या रकान्यांत. शेतीतल्या बायकांचं सबलीकरण मोजणारा जो निर्देशांक २०१२ मध्ये आला, त्यात उत्पादन, साधनं, उत्पन्न, नेतृत्व आणि वेळ अशी पाच क्षेत्रं आहेत. आईंचं उत्पन्न भक्कम धरलं जाईल, साधनांत मात्र होडीपाशी त्या अडतील. पण 'साधनं' या शब्दात होडी येते हे विचारणाऱ्याला कळायला हवं. 'घरातली मोठी वस्तू विकायची झाली तर' असं लिहू?

दिवाळे_कोळीवाडा
'वस्तू' नको. होडीला आम्ही वस्तू म्हणत नाही.

वाशी_सतरा
'अखत्यार'चं काय ठरलं?

ऐरोलीकर
घाटावर बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते आणि तो तिला 'कारभारीण'. पण कारभार कुणाचा? मला वाटतं कारभारीण हा जुना...

कळव्याचा_मास्तर
त्यावर वेगळा धागा काढा. 'कारभार' फारसी आहे असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, कार्य आणि भार, दोन्ही संस्कृत.

वाशी_सतरा
फारसीत 'कार' म्हणजे काम, काका. 'कारखाना' कुठून आला मग?