शब्दचर्चा: ‘कंपॅनियनवे हॅच’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

शिडाच्या एका लहान, जुन्या होडीची दुरुस्ती करताना ठेवलेली टिपणे मी आता मराठीत नीट लिहून काढत आहे. डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर हे शब्द हाताशी असल्यामुळे बाकीचे लिखाण कुठे अडले नाही. अडले ते ‘कंपॅनियनवे हॅच’पाशी. सुकाणू धरून बसण्याच्या जागेतून आतल्या खोलीत उतरण्याची ही वाट आहे. तिच्यावर पुढे-मागे सरकणारे झाकण असते, समोरच्या बाजूला उभ्या खाचांमध्ये वरून सोडलेल्या दोन-तीन आडव्या फळ्या असतात आणि आत तीन-चार पायऱ्यांची शिडी असते. एका मित्राने ‘सहचरमार्ग’ असा प्रतिशब्द सुचवला, परंतु तो वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर झाकण उभे राहील असे मला वाटत नाही.

शब्दाचा हा घोळ मला महागात पडलेला आहे. माझ्याजवळच्या सूचनापत्रात ‘प्रथम हॅच काढून घ्या’ एवढेच लिहिले होते. मी हॅच म्हणजे चौकट समजलो आणि चौकटीचे सगळे स्क्रू काढून ती उचकटायला गेलो, तेव्हा जुन्या चिकट सीलंटबरोबर डेकचा तळहाताएवढा पापुद्राच वर आला. प्रत्यक्षात टोकाला असलेला अडसराचा ठोकळा काढून नुसते झाकण सरकवत बाहेर घ्यायचे होते.

पहिला प्रतिसाद

‘सहचरमार्ग’ निःसंकोच बाद करावा, कारण तो अर्थाचा नव्हे, तर स्पेलिंगचा अनुवाद आहे. जहाजावरचा हा ‘कंपॅनियन’ जुन्या डच भाषेतून आलेला असून तिथे त्याचा अर्थ जहाजाच्या मागच्या अंगाचा उंच डेक असा होता. तो डच शब्द फ्रेंचमार्गे इटालियनमधल्या शिधा ठेवण्याच्या कोठीच्या नावापर्यंत मागे जातो, आणि इंग्रज खलाशांनी ते परके रूप आपल्या ओळखीच्या ‘सोबती’ या अर्थाच्या शब्दासारखे करून घेतले. अगदी मुळाशी गेल्यास दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘पानिस’ म्हणजे पावाशी भेटतात (आपला ‘पाव’सुद्धा पोर्तुगीजांमार्फत त्याच घराण्यातून आला आहे), पण एवढ्या लांबच्या नात्यावर प्रतिशब्द उभा करू नये.

‘हॅच’ मात्र विचार करण्याजोगा आहे. जुन्या इंग्रजीत तो अर्ध्या दारासाठी, म्हणजे दोन भागांत उघडणाऱ्या दाराच्या खालच्या भागासाठी वापरला जात असे. मोठ्या दरवाजातल्या लहान दाराला आपण ‘दिंडी’ म्हणतो, म्हणून क्षणभर तो शब्द मोहात पाडतो. पण होडीवर दिंडी म्हटल्यावर वाचक थेट टाळ-मृदंग ऐकू लागेल.

दुसरा प्रतिसाद

माझ्या मते अडचण प्रतिशब्दाची नाहीच. इंग्रजीत ‘हॅच’ हा शब्द भोकालाही चालतो आणि भोकावरच्या झाकणालाही चालतो; ‘कंपॅनियनवे’मध्ये कधी दार येते, कधी शिडी येते. मराठीत तोच सैलपणा कशाला आणायचा? खलाशांच्या बोलीत ‘फाळका’ हा शब्द आहे खरा, परंतु तो मालखान्याच्या तोंडासाठी आहे. ज्या वाटेने माणसाने अंग चोरून आत उतरायचे, तिला फाळका म्हणणे मला जड वाटते. म्हणून एकच शब्द शोधण्याऐवजी प्रत्येक भागाला त्याच्या कामावरून नाव द्यावे.

संपूर्ण वाटेला ‘उतरण्याचे दार’ म्हणावे. वर सरकते ते ‘सरकते झाकण’, आणि ज्यांवर ते सरकते त्या ‘पट्ट्या’; पितळेच्या असोत की गुळगुळीत प्लास्टिकच्या, शब्द तोच राहतो. झाकण उघडल्यावर पुढच्या बाजूला ज्या चपट्या पेटीखाली जाऊन बसते, तिला मी बेधडक ‘म्यान’ म्हणेन, कारण तलवारीप्रमाणेच झाकण तिच्यात शिरते आणि तिच्यातून निघते. डेकवरचे पाणी आत घरंगळू नये म्हणून भोकाभोवती जी उंच कड असते, तिला ‘काठ’ पुरेसा आहे. आणि पाय टाकून ओलांडायचा तो ‘उंबरठा’. लहान होडीतही तो चांगला उंच असतो, कारण बसण्याच्या जागेत लाटेचे पाणी भरले तरी ते आत जाता कामा नये.

वॉशबोर्डसाठी, म्हणजे दाराच्या खाचांत वरून सोडलेल्या त्या आडव्या फळ्यांसाठी, तर ‘फळ्या’ याहून चांगला शब्द मिळणार नाही. खाचांत एकेक फळी सरकवून दुकान बंद करण्याची रीत भाषेत अजून जिवंत आहे, त्यामुळे ‘फळ्या लावल्या’ म्हटले की बंद करण्याची कृती आपोआप समजते. येथे क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. पुष्कळ होड्यांवर हे दार वर रुंद आणि खाली निमुळते असते, म्हणून फळी थोडीशी उचलली की दोन्ही खाचांतून सुटते. ती ‘ओढून’ काढत नाहीत, ‘उचलून’ काढतात. ही सोयच कधी जिवावर बेतते. होडी उलटली तर फळ्या आपल्याच वजनाने निसटून समुद्रात जातात आणि दार सताड उघडे राहते. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या सागरी शर्यतीतल्या वादळात 15 स्पर्धक दगावले, आणि नंतरच्या चौकशीत फळ्या निसटण्याचा हा दोषही पुढे आला. म्हणून फळीला दोरी हवी, आणि झाकण उघडे असतानाही फळी जागच्या जागी अडकवता येईल अशी खिटी हवी. ‘दोरी’ आणि ‘खिटी’ हे शब्द टिपणात अवश्य यावेत.

तिसरा प्रतिसाद

वरील शब्द मान्य आहेत. केवळ ‘शिडी’बद्दल सावध राहावे; ‘शिडाखाली’ आणि ‘शिडीखाली’ यांत एका मात्रेच्या चुकीने सगळी होडी उलटीपालटी होते. ‘पायऱ्या’ लिहिल्यास हा धोका राहत नाही.

मला खरा प्रश्न ‘दुरुस्ती’चा वाटतो. जुनी फळी टाकून मरीन प्लायवुडची नवी कापली, तर ते ‘नूतनीकरण’. भेगेत इपॉक्सी भरून वर व्हार्निशचा एक हात फिरवला, तर ती ‘डागडुजी’. परंतु जुन्या सागवानाचा काळवंडलेला थर तासून, फळीची आडवी टोके, जिथून लाकूड सर्वांत आधी पाणी पिते, ती इपॉक्सीने बंद करून, पहिला हात पातळ आणि पुढचे सहा-सात हात मधे-मधे पॉलिशपेपर फिरवत दिले, तर त्या कामाला ‘जीर्णोद्धार’ हाच शब्द शोभतो. तो देवळाचा आणि विहिरीचा शब्द असला तरी जे जीर्ण आहे तेच वर काढणे हा त्याचा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ‘जीर्णोद्धार’ मी मथळ्यात एकदाच वापरीन. दर परिच्छेदात तो आला तर फळीला नारळ फोडावासा वाटेल. टिपणातला पहिला उतारा आता असा झाला आहे:

“प्रथम फळ्या उचलून काढाव्यात आणि कोणती कोणावर बसते ते मागच्या अंगाला पेन्सिलीने लिहून ठेवावे. त्यांच्या जोडाच्या कडा बाहेरच्या बाजूस उतरत्या तासलेल्या असतात, म्हणून फळी उलटी लागली तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. नंतर अडसराचा ठोकळा काढून सरकते झाकण पट्ट्यांवरून मागे घ्यावे. चौकटीच्या स्क्रूंना हात लावू नये.”

दुसरा प्रतिसाद

“मागे घ्यावे” याऐवजी “सुकाणूच्या दिशेने सरकवून बाहेर घ्यावे” असे लिहावे. आत उभे राहून वाचणाऱ्याचे ‘मागे’ आणि होडीचे ‘मागे’ एकच असेल याची खात्री नाही.