आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारी: ध्वनिमुद्रणाबाबत सल्ला हवा

जवारी:
माझ्याकडे शिकणाऱ्या दोघी जणी आकाशवाणीच्या शास्त्रीय गायनाच्या ऑडिशनची तयारी करत आहेत. तिथे गाणाऱ्याचे नाव न सांगता केवळ गाण्यावरून निर्णय होतो, म्हणून त्यांनीही आपले गाणे परक्याच्या कानाने ऐकावे, या हेतूने मोबाइलवर मुद्रण करून ते संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐकतो. मात्र मुद्रणात तंबोरा सुरुवातीला नीट वाजतो आणि काही क्षणांत कोणी गळा दाबल्यासारखा नाहीसा होतो. शिवाय एकीचे सूर दाखवणारे ॲप तिचा यमन रागातला गंधार (ग हा स्वर) सतत उतरलेला दाखवते. मला तर तो तंबोऱ्यात चोख मिळालेला ऐकू येतो. ॲपचे मानावे की कानाचे?

खर्ज:
मोबाइलमधील गोंगाट कमी करणारी सोय एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजते आणि पुसून टाकते. बिचाऱ्या तंबोऱ्याचा गुन्हा एवढाच की तो थांबत नाही. ती सोय बंद करता येत नसेल, तर संगणकाला साधा मायक्रोफोन जोडावा, तंबोरा एका कानात हेडफोनवर घ्यावा, दुसरा कान मोकळा ठेवावा आणि केवळ गळा मुद्रित करून तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा. तबलाही हेडफोनवरच घेणार असाल, तर ब्लूटूथ टाळावे, कारण त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मागे पडते.

गंधाराबाबत कानाचेच मानावे. बहुतेक ॲप सप्तकाचे बारा समान भाग करतात, त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार षड्जापासून (सा पासून) 400 सेंटवर असतो (अशा एका भागाचे 100 सेंट). तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे 386 सेंटवर येतो. हे 14 सेंट ॲपच्या सांगण्यावरून 'सुधारले', तर गाणे हार्मोनियमसारखे होईल. लांबवलेला षड्ज श्वास संपताना खाली बसतो का, एवढे मात्र ॲपला जरूर विचारावे.

मात्रा:
माझ्या मते खरा उपयोग लयीसाठी आहे. एक विद्यार्थी विलंबित (संथ लयीच्या) एकतालात तबलजी लय वाढवतात अशी तक्रार नेहमी करत असे. मुद्रण ऐकताना प्रत्येक समेवर त्याच्याकडूनच ऑडॅसिटीत कंट्रोल आणि एम दाबून खूण करून घेतली, तेव्हा पहिले आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, 50 सेकंदांचे आणि सहावे 43 सेकंदांचे निघाले. प्रत्येक मुखडा (समेवर आणणारी बंदिशीची ओळ) तोच घाईने उचलत होता आणि तबलजी त्याला सांभाळून घेत होते! तबल्याच्या ॲपबरोबर ही खोड लपून राहते, कारण ॲप कोणासाठी पुढे सरकत नाही, म्हणून निदान शेवटचे काही दिवस माणसाच्या ठेक्यावर मुद्रण करावे.

जवारी:
आभारी आहे. तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर घेतला आणि तो टिकला. गंधार मात्र तिला समजावून पटला नाही, म्हणून ॲप बंद करून तिचाच स्वर तंबोऱ्यासह आणि तंबोऱ्याविना दोनदा ऐकवला. दुसऱ्या वेळी तिने स्वतःच तंबोरा पुन्हा सुरू करायला सांगितले.