नोटिफिकेशन्स मुळात बंदच हवीत, लागतील तेवढीच चालू करा. पटतंय का?

परळचा_चाकरमानी

माझं म्हणणं सरळ आहे. नवीन ॲप टाकलं की त्याची नोटिफिकेशन्स आधी बंद करायची, मग गरज पडली तर त्यातलं एखादं चालू. आपण बरोबर उलटं करतो. सगळं चालू ठेवतो आणि दिवसभर बोटाने सरकवत बसतो.

दादरच्या पुलावर गर्दीत चालताना आजूबाजूचे फोन बघा. ‘कार्टमधली कुर्ती संपत आली’, ‘भूक लागली का?’, ‘तुमचं कर्ज मंजूर, फक्त एक क्लिक’. यातलं काहीही कोणी मागितलेलं नसतं. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नवीन ॲपला नोटिफिकेशनची परवानगी विचारावी लागते. आयफोनवर तर ही सोय कितीतरी आधीपासून आहे. पण ॲप नेमकं घाईच्या वेळी विचारतं, आपल्याला टॅक्सी हवी असते, आणि आपण ‘अलाव’ दाबून मोकळे होतो.

नको ते नोटिफिकेशन आलं तर नुसतं पुसू नका, त्यावर बोट दाबून धरा. तिथेच सायलेंट किंवा बंद करायचा पर्याय येतो. पुढे सेटिंग्जमध्ये गेलात तर त्या ॲपच्या नोटिफिकेशन्सची वेगवेगळी खाती, म्हणजे प्रकार, दिसतात: ऑर्डर, चॅट, ऑफर. अँड्रॉइड ८ पासून (२०१७) ही व्यवस्था आहे. ऑफर बंद, ऑर्डर चालू, विषय संपायला हवा. तो संपत नाही, कारण काही ॲप्स हा भेद ठेवतच नाहीत. जेवण निघालं हेही त्याच खात्यातून आणि ‘आज मोठी सूट’ हेही त्याच खात्यातून. सूट बंद केली तर डिलिव्हरीवाला खाली येऊन उभा आहे हे कळत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं असं माझं ठाम मत आहे. अशी ॲप्स मी फोनमधून काढूनच टाकतो.

भांडुप_पश्चिम

अजिबात पटलं नाही. मुंबईत राहून सगळं बंद? जुलैमध्ये रेड अलर्ट कधी लागला, भरती किती मीटरची आहे, शाळेला सुट्टी आहे का, लोकल कुठवर चालल्यात, हे सगळं आता फोनवरच कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक ऑफिसातून निघाले तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय याची कोणाला कल्पना नव्हती. तेव्हा फोनवर वेळेत एक ओळ आली असती तर कितीतरी माणसं ऑफिसातच थांबली असती. चार जाहिराती सहन करीन, पण ती एक ओळ चुकवणार नाही.

परळचा_चाकरमानी

भांडुपकर, ती ओळ चुकवा असं मी म्हणतच नाही. पण ती कुर्तीच्या ॲपमधून येत नाही ना. २०२३ मध्ये सरकारने चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते, आठवतं? ते सेल ब्रॉडकास्ट. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम येतं, इंटरनेट लागत नाही आणि तुमचा नंबर कोणाकडे असावाही लागत नाही. त्याचं बटण सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’खाली वेगळं असतं. ते चालूच ठेवा. हवामान आणि लोकलचं ॲपही ठेवा. उलट वीस जाहिराती वर साचल्या की रेड अलर्ट त्यांच्याखाली दबतो, हाच तर माझा मुद्दा आहे.

रात्रपाळीची_सिस्टर

मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते, दिवसा झोपते. माझ्यासाठी हा प्रश्न झोपेचा आहे. दुपारी दोन वाजता ‘आमची मेगा सेल सुरू’ म्हणून फोन वाजला की त्या दिवशीची झोप गेली. पण फोन पूर्ण बंद करून चालत नाही, घरी सासूबाई एकट्या असतात. म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावते आणि त्यात घरच्यांचे नंबर सोडून ठेवलेत. अँड्रॉइडवर आणखी एक सोय आहे: त्याच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यायचा. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, काही झालं तर लागोपाठ दोनदा लावा. पाळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करून ठेवावं.

पार्सल_अंधेरी

तुमचं सगळ्यांचं ठीक आहे, पण आमच्यासारख्या डिलिव्हरीवाल्यांचं पोट नोटिफिकेशनवर आहे. ऑर्डर स्क्रीनवर आली की घ्यायला काही सेकंद मिळतात. हुकली की दुसऱ्याला गेली. नवीन पोरं कोणाचं तरी ऐकून सगळं सायलेंट करतात, वर बॅटरी सेव्हर लावतात, आणि मग सिग्नलला उभं राहून विचारतात, दादा, मला ऑर्डरच का येत नाही? फोनच ॲपला मागे झोपवतो, मग येणार कुठून? वर सतत दिसणारी ‘ॲप चालू आहे’ ही पट्टी खटकते म्हणून लोक ॲपच जबरदस्तीने बंद करतात. तसं करू नका. अँड्रॉइड १३ पासून ती पट्टी सरकवली तर जाते, आणि काम मागे चालू राहतं. आणि दादा, कंपनीने ऑफर आणि ऑर्डर एकत्र पाठवली त्याचा त्रास आम्हालाही होतो. गिऱ्हाईकाने आवाज बंद केलेला असतो आणि आम्ही पावसात गेटवर उभे.

मोदकवाली_गिरगाव

मी घरून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करून देते. माझं दुकान म्हणजे व्हॉट्सॲप. सगळ्यांनी सगळं म्यूट केलं तर गणपतीच्या आधी ऑर्डर सुरू झाल्यात हे लोकांना सांगायचं कसं? मोठ्या कंपन्यांकडे टीव्ही आहे, मेट्रोचे खांब आहेत. तुमच्या ‘आधी बंद’मध्ये पहिला मार आमच्यासारख्यांना बसतो.

परळचा_चाकरमानी

ताई, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं नक्की सांगतो, ज्याने तुमचा मोदक खाल्लाय तो तुमचं नाव म्यूट करणार नाही. ओळखीच्या माणसाचा मेसेज आणि यंत्राने लाखो लोकांना एकदम ढकललेला मेसेज, या दोन्हींना मी एका पंगतीत बसवत नाही.

पासबुक_मुलुंड

बँकेत काम करते म्हणून एक कळकळीची विनंती. चिडून बँकेचे एसएमएस म्यूट करू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: चूक ना बँकेची ना तुमची, आणि खात्यातून पैसे गेले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीही भार येत नाही. उशीर झाला की भार वाढत जातो. म्हणजे तो मेसेज तुम्ही पाहिलात की नाही यावर पैसे ठरतात. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही कळवा. जाहिरातींच्या एसएमएससाठी १९०९ वर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवा. ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज त्याने थांबत नाहीत. फक्त हे एसएमएस आणि कॉलपुरतं आहे, ॲपच्या नोटिफिकेशनला लागू नाही. लोक इथे गल्लत करतात.

काळाचौकी_आजीचा_नातू

आजीच्या फोनवर ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस, आत्ता साफ करा’ असं लाल चिन्हासकट सारखं येत होतं. ती घाबरून फोन बंद करून कपाटात ठेवायची. व्हायरस नव्हताच. भजनं शोधताना कुठल्यातरी वेबसाइटवर ‘अलाव’ दाबलं गेलं होतं. नीट पाहिलं तर नोटिफिकेशनवर बारीक अक्षरात क्रोम आणि त्या साइटचा पत्ता असतो. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी. ती साइट ब्लॉक केली, थांबलं. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये ही यादी एकदा तपासाच. नवीन अँटिव्हायरस टाकायची गरज नाही.

वकिली_वांद्रे

सगळं गिऱ्हाईकानेच करायचं, हे मला मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ॲप किंवा वेबसाइटवर गिऱ्हाईकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यातल्या १३ प्रकारांत ‘नॅगिंग’, म्हणजे सारखं मागे लागणं, हा प्रकार आहे. ‘नाही’ म्हणायची सोय न देता नोटिफिकेशन चालू करा म्हणून सतत विचारणं, हे त्यात उदाहरण म्हणून दिलंय. असं ॲप भेटलं तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार द्या. परळकर ॲप काढून टाकतात, त्याने त्यांचा त्रास संपला. त्या आजींचा नाही संपला.

परळचा_चाकरमानी

वकीलसाहेब, हे मान्य. ऑर्डर आणि ऑफर एकाच खात्यातून पाठवणं ‘नॅगिंग’मध्ये बसतं का, एवढं सांगा. बसत असेल तर माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत, आजच तक्रार टाकतो.

वकिली_वांद्रे

ऑफरला वेगळं ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, हा तुमचा मुख्य मुद्दा करा. सेटिंग्जमध्ये एकच खातं दिसतं तो स्क्रीनशॉट आणि त्याच खात्यातून आलेली ऑर्डर आणि ऑफर, असे तीन जोडा. ऑर्डर नंबर झाकू नका, तारीख दिसू द्या.