ईपीएस पेन्शन: ५४ ला सुरू करावी की ५८ पर्यंत थांबावं?

चाकणकर
वय ५४. चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत होतो, गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, सेवा २२ वर्षं. ५८ ला साधारण ३,७०० रुपये पेन्शन बसते. आत्ता सुरू केली तर दरवर्षामागे ४ टक्के कपात, म्हणजे १६ टक्के गेले, हातात ३,१०० च्या आसपास. माझं मत आत्ताच घ्यावी असं आहे. मेव्हणे म्हणतात, वेडेपणा करू नका. दोन्ही बाजू ऐकायच्यात.

आकडेमोड
घ्या. चार वर्षांत दीड लाखाच्या आत-बाहेर रक्कम हातात येते. थांबलात तर ५८ नंतर महिन्याला ६०० रुपये जास्त. त्या ६०० नी दीड लाख भरून निघायला २१ वर्षं लागतात, म्हणजे वयाच्या ७९ पर्यंत आत्ता घेणाराच पुढे. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आजचे ३,१०० आणि २०४५ चे ३,७०० यांत कुठले जास्त, हे किराणा दुकानदाराला विचारा.

इंद्रायणीकाठचा
एक शंका. पेन्शनच्या सूत्राप्रमाणे पगाराची मर्यादा १५,००० गुणिले सेवेची २४ वर्षं भागिले ७० केलं तर ५,१४२ येतात. चाकणकरांना ३,७०० कसे? वीस वर्षं सेवा झाली की मिळणारा दोन वर्षांचा बोनस धरूनच २४ केलेत.

आकडेमोड
१५,००० ची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून आली. त्याआधीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा लागते, दोन तुकड्यांत हिशोब होतो. पुष्कळ लोक सगळी सेवा १५,००० ने गुणून खूश होतात आणि पीएफ ऑफिसचा कागद आला की भांडायला जातात.

निवृत्त फिटर, सातपूर
आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात माणूस घरी बसलाय असं धरलंय. ५४ व्या वर्षी कोण घरी बसतं? उद्या दुसरीकडे लागलात आणि तिथे पीएफ कापला, तर पेन्शन सुरू असल्यामुळे पेन्शन खात्यात एक रुपया जाणार नाही. थांबलात तर प्रत्येक वाढीव वर्षामागे १५,००० भागिले ७०, म्हणजे २१४ रुपये महिना वाढतात. चार वर्षांचे ८५०, आणि कपात वाचली ते ६०० वेगळे. महिन्याला चौदाशे-साडेचौदाशेचा फरक आहे हा, नुसत्या ६०० चा नाही.

चाकणकर
दुसरी नोकरी म्हणजे ठेकेदाराकडे. तो हातात रोख देतो, पीएफचं नावही काढत नाही. पन्नाशीनंतर पेरोलवर घेणारी कंपनी तुमच्या नाशकात असेल तर सांगा, उद्या येतो.

निवृत्त फिटर, सातपूर
ठेकेदारालाही पीएफ भरावा लागतो, कुणी मागत नाही म्हणून तो भरत नाही. पण तुमची अडचण कळते.

भोरची सून
५८ झाल्यावर कपात सुटते ना? सासरे तसंच समजून आहेत.

आकडेमोड
नाही सुटत. ज्या वयाला सुरू केली त्या वयाचा दर कायमचा. हे मात्र अर्ज करण्याआधी घरात सगळ्यांना नीट सांगा.

वहिनी, इचलकरंजी
मी थांबा म्हणणाऱ्यांतली. घरात महिन्याला तीन हजार नवीन यायला लागले की ते कुठे जातात ते मला ठाऊक आहे. नातवाची फी, केबल, कुणाचं तरी लग्न. दीड लाख "हातात" कुणाच्याच राहत नाहीत. आकडेमोड भाऊ, तुमचा हिशोब पैसे साठवणाऱ्या माणसाचा आहे. वय ७२ ला औषधं चालू असताना ६०० रुपये म्हणजे बीपीच्या गोळ्यांचा महिना निघतो.

आकडेमोड
वहिनी, तेच ७२ वर्षांपर्यंत माणूस राहिला नाही तर? पत्नीला निम्मी पेन्शन मिळते, पण भरलेली मूळ रक्कम परत मिळण्याची सोय २००८ मध्येच काढून टाकली. न घेतलेले हप्ते मागून कुणी देत नाही. आणि साठवण्याचं म्हणाल तर यांनी पीएफची रक्कम काढू नये, पेन्शनवर वरखर्च भागवावा. पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज दिलंय. थांबण्याचे इथे मिळतात ४ टक्के. मग आधी कुठल्या पैशाला हात लावायचा?

वहिनी, इचलकरंजी
पीएफ ठेवलाय का ते आधी त्यांना विचारा. व्हीआरएस घेतलेले बहुतेक जण तो काढून घर बांधतात.

चाकणकर
निम्मा काढला. स्लॅबला गेला.

सिन्नर ५८
मी उलट्या टोकाला. ५८ पूर्ण, नोकरी चालू, ६० पर्यंत लांबवली तर वर्षाला ४ टक्के वाढ देतात. घ्यावी का?

आकडेमोड
नुसती लांबवायची असेल तर अजिबात नको. दोन वर्षांचे हप्ते सोडून ८ टक्के वाढ, भरपाईला २५ वर्षं, वय ८५.

निवृत्त फिटर, सातपूर
परत अर्धाच हिशोब. अंशदान, म्हणजे पेन्शन खात्यातला भरणा, चालू ठेवून लांबवली तर दोन वर्षांची सेवाही वाढते, बरोबरी सत्तरीतच होते. सिन्नरकरांची तब्येत चांगली असेल आणि घरी ८५-९० पाहिलेली माणसं असतील तर मी लांबवा म्हणेन.

आकडेमोड
त्या अंशदानाचे महिन्याचे १,२५० रुपये पेन्शन खात्याऐवजी त्यांच्या पीएफमध्ये गेले असते, तेही धरा. बरोबरी आणखी दोन-तीन वर्षं पुढे जाते.

इंद्रायणीकाठचा
किमान पेन्शन हजारावरून ७,५०० करण्याची मागणी चालू आहे. ती मान्य झाली तर सगळेच एका पातळीवर. मग थांबलेल्यांचं काय?

निवृत्त फिटर, सातपूर
हजार रुपये २०१४ पासून हजारच आहेत. त्या भरवशावर कुणी काही ठरवू नये, ना घेणाऱ्यानं ना थांबणाऱ्यानं. चाकणकर, सहा महिने नोकरी शोधा, ठेकेदाराकडे पीएफ नंबर मागा. नाही जमलं तर १०डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरा. तेव्हा मी अडवणार नाही.

चाकणकर
सहा महिन्यांचे साडेअठरा हजार सोडायचे?

निवृत्त फिटर, सातपूर
सोडायचे. कपातही थोडी कमी होऊ शकते.

वहिनी, इचलकरंजी
आणि स्लॅबचं काम आधी संपवा.